चिनी नृत्यातली बौद्ध प्रतीकं: मुद्रेआधी नर्तकी कुणासमोर नाचतेय ते पाहा

जय भीम ताई,

तुमच्या प्रश्नातला मुद्दा मला असा समजला. नागपुरात तुमच्या विहाराच्या अंगणात बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या मुलींचा नाच बसवायचा आहे. तुम्ही दोन चिनी नृत्यांचे व्हिडिओ पाहिलेत: एकामागे एक उभ्या राहिलेल्या नर्तकांचे असंख्य हात फुलतात ते ‘सहस्रहस्त’ नृत्य, आणि लांब रेशमी पट्टे उडवणाऱ्या अप्सरांचं नृत्य. दोन्ही मनात भरली. आता तुम्हाला यादी हवी आहे: कोणत्या मुद्रेचा काय अर्थ, कमळाचा काय, पट्ट्यांचा काय, तळव्यावरच्या डोळ्याचा काय. त्यातच मंडळातल्या एका ज्येष्ठांनी विचारलंय, ‘हे खरोखर बौद्ध आहे का, की नुसती सजावट?’

मी मूळची ओडिसीची. पुढे चीनमध्ये लेण्यांतल्या चित्रांवरून घडलेली दुनहुआंग नृत्यशैली शिकले आणि आता पुण्यात दोन्ही शिकवते. यादी मागणारे विद्यार्थी मला नेहमी भेटतात आणि ते का मागतात तेही कळतं. आपल्याकडे अभिनयदर्पणासारखा ग्रंथ आहे. पताक हस्त कुठे वापरायचा, अलपद्म कुठे, याचे विनियोग, म्हणजे वापर, श्लोकांत बांधून दिलेले आहेत. त्यामुळे हात दिसला की अर्थ शोधायची आपल्या डोळ्यांना सवय लागलेली असते. चिनी नृत्याला हस्तांचा असा शब्दकोश नाही. त्यातल्या बौद्ध प्रतिमा मुख्यतः भिंतींवरून आल्या आहेत, लेण्यांतल्या चित्रांवरून आणि शिल्पांवरून. म्हणून मी तिथे वेगळा प्रश्न विचारते: ही आकृती मूळ भिंतीवर कुठे होती आणि कुणाकडे तोंड करून होती? याचं उत्तर मिळालं की हाताचा अर्थ बहुतेक वेळा आपोआप कळतो. तुमच्या ज्येष्ठांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चीनच्या वायव्येला, गान्सू प्रांतात, वाळवंटाच्या कडेला दुनहुआंग हे जुनं व्यापारी गाव आहे. गावाबाहेरच्या कड्यात मोगाओ लेणी आहेत. लेझुन नावाच्या भिक्खूने इ.स. ३६६ मध्ये तिथे पहिली गुहा कोरली अशी परंपरा आहे आणि त्यानंतर सुमारे हजार वर्षं काम चालू राहिलं. आज चित्रं आणि मूर्ती असलेल्या ४९२ गुहा तिथे आहेत आणि चित्रांचं क्षेत्रफळ ४५,००० चौरस मीटरच्या घरात जातं. चिनी रंगमंचावर दिसणाऱ्या बौद्ध प्रतिमांपैकी फार मोठा भाग या एका ठिकाणाहून आलेला आहे.

आता दोन भिंती जवळून पाहू.

गुहा क्रमांक २२०. तिच्यात इ.स. ६४२ चा लेख आहे, म्हणजे तांग राजवटीचा सुरुवातीचा काळ. उत्तरेच्या भिंतीवर भैषज्यगुरूचं, म्हणजे रोग बरे करणाऱ्या बुद्धाचं, जग रंगवलंय. सात बुद्ध एका रांगेत उभे आहेत. त्यांच्या पायांपाशी, चित्राच्या खालच्या भागात, दिव्यांच्या झगमगाटात चार नर्तकी दोन जोड्यांनी नाचतायत. प्रत्येकीच्या पायाखाली छोटी गोल सतरंजी. केस आणि पट्टे असे उडालेत की त्या गिरकी घेत आहेत हे लगेच कळतं. मध्य आशियातल्या सोग्दियन व्यापाऱ्यांबरोबर चीनमध्ये आलेल्या गिरकीच्या नाचाशी अभ्यासक या चित्राचा संबंध जोडतात. म्हणजे राजधानीत तेव्हा लोकप्रिय असलेला परदेशी नाच चित्रकाराने थेट बुद्धासमोर नेऊन ठेवला. दोन्ही बाजूंना वादक बसलेत.

दुसरी गुहा ११२, मध्य तांग काळातली, आकाराने लहान. तिच्या दक्षिण भिंतीवर अमितायू बुद्धाची सुखावती, म्हणजे त्याची स्वर्गासारखी भूमी, रंगवली आहे आणि बुद्धासमोरच्या चौथऱ्यावर एक नर्तकी आहे. एक पाय उचललेला, कंबर एका बाजूला गेलेली, आणि पीपा नावाचं वीणेच्या कुळातलं वाद्य तिने डोक्यामागे, पाठीवर उलटं धरलंय. उचललेल्या पायाचा अंगठा वर ताठ उभा आहे. हा अंगठा मी मुलींना आवर्जून दाखवते, कारण त्या एका तपशिलात सगळ्या शरीराचा ताण पकडलेला आहे. आज ही नर्तकी दुनहुआंग शहराचं चिन्ह झाली आहे. चौकात तिचा पुतळा आहे, दुकानांच्या पाट्यांवर ती आहे, चीनभरच्या रंगमंचांवर ती आहे. मूळ चित्रात मात्र ती लहानशी आहे आणि मधलं आसन बुद्धाचं आहे.

या दोन्ही भिंतींवरचं नृत्य म्हणजे अर्पण आहे. फुलं, धूप, दिवा, संगीत, तसंच नृत्य. नर्तकीचे हात उपदेश करत नाहीत, कुणाला अभय देत नाहीत. ती देतेय, आणि घेणारा समोर बसलाय. म्हणून तिच्या बोटांत अभयमुद्रा किंवा धर्मचक्रमुद्रा शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. त्या मुद्रा बुद्धाच्या आणि बोधिसत्त्वांच्या हातांवर आहेत, थोडं वर, त्याच भिंतीवर.

हे समजायला तुम्हाला चीनला जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत. त्यातल्या सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात, बुद्धमूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर, एक नर्तकी कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वादक स्त्रिया आहेत. साधारण सहाव्या शतकातलं काम. वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत बहुतेक लोक हे लेणं वगळतात, याचं मला फार वाईट वाटतं. नाच शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीने ते एकदा तरी पाहावं. नर्तकी कुठे आहे ते पाहा: गाभाऱ्यात, बुद्धाच्या शेजारी. दुनहुआंगच्या चित्रकारांनी नृत्याला जी जागा दिली, तीच आपल्याकडच्या शिल्पकारांनीही दिली होती.

मग रंगमंचावर काय झालं? १९७९ मध्ये गान्सूच्या प्रांतिक नृत्यसंस्थेने ‘रेशीममार्गावरचा पुष्पवर्षाव’ हे मोठं नृत्यनाट्य गान्सूच्या राजधानीत, लानचौमध्ये सादर केलं. दुनहुआंग शैली नावाने जी ओळखली जाते, तिची खरी सुरुवात इथून झाली. सांस्कृतिक क्रांती संपून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. धर्म म्हणून बौद्ध विषय रंगमंचावर आणणं सोपं नव्हतं. वारसा म्हणून, लोकांच्या कलेचा इतिहास म्हणून तो आणता आला. कथा आहे दुनहुआंगच्या एका चित्रकाराची, इंगन्यांग नावाच्या त्याच्या मुलीची आणि एका इराणी व्यापाऱ्याची. मुलगी पाठीवर पीपा घेऊन नाचते आणि बाप ती आकृती भिंतीवर उतरवतो. म्हणजे या कथेत आधी हाडामांसाची मुलगी आहे आणि स्वर्गीय नर्तकी नंतर. मला हे फार सुंदर वाटतं. पण त्यातून एक मोठा बदल झाला: नर्तकीच्या समोरचा बुद्ध गेला आणि त्या जागी प्रेक्षक आले. जे अर्पण होतं ते प्रदर्शन झालं. तेव्हापासून तुम्ही बघता त्या बहुतेक सगळ्या दुनहुआंग नृत्यांत हीच मांडणी आहे.

तुमच्या ज्येष्ठांना मी म्हणेन, त्यांचा प्रश्न रास्त आहे. प्रतिमा बौद्ध आहेत, अस्सल आहेत. ज्या नात्यामुळे त्या बौद्ध होत्या ते नातं मात्र रंगमंचावर बहुधा दिसत नाही. तुम्ही विहाराच्या अंगणात नाच करणार असाल तर ते नातं परत जोडणं तुमच्या हातात आहे. ते कसं, ते पुढे सांगते.

त्याआधी शरीराबद्दल थोडं, कारण व्हिडिओ पाहून बसवणारे इथेच अडतात. गाओ जिनरोंग या शिक्षिकेने चित्रांतल्या स्थिती गोळा करून, त्यांचा अभ्यास करून गान्सूच्या नृत्यशाळेत शिकवण्याचा क्रम तयार केला. उभं राहण्यापासून सुरुवात होते. वजन एका किंचित वाकलेल्या पायावर, कंबर त्या बाजूला बाहेर, बरगड्या उलट बाजूला, मान परत पहिल्या बाजूला. आपण म्हणू, हा तर त्रिभंग! हो, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी डोळ्यांसमोर ठेवला की त्याचं कूळही दिसतं. भारतातून ही उभं राहण्याची ढब मध्य आशियातल्या किझिलसारख्या लेण्यांमधून दुनहुआंगला पोचली.

पण चित्रात फक्त स्थिती असते. एका स्थितीतून दुसरीत जायचं कसं, हे भिंत सांगत नाही. ती जागा चिनी नाट्यपरंपरेने भरली. तिथला शिक्षक पहिल्या आठवड्यात सांगतो: डावीकडे जायचं असेल तर आधी उजवीकडे जा, पुढे यायचं असेल तर आधी मागे जा. हालचाल सरळ रेषेत होत नाही. ती वर्तुळात किंवा आडव्या आठाच्या आकड्यात फिरते आणि श्वासावर चालते: श्वास आत आला की शरीर वर उमलतं, सुटला की खाली बसतं. ओडिसीत मी पायाने ताल वाजवत वाढले. इथे पाऊल जमिनीला लागल्याचा आवाज येता कामा नये. तुमच्या मुली भरतनाट्यम् शिकलेल्या असतील तर त्यांचे हात ताठ, कोनात आणि वेळेवर थांबतील. तिथे थांबायचं नसतं. मनगट पोचल्यावरही बोटं अजून पोचत असतात. म्हणून अलपद्म धरून दुनहुआंगच्या कमळहस्ताचं काम भागवू नका. दिसायला जवळचे वाटले तरी दोघांचा प्रवास वेगळा आहे.

आता पट्टे. उडणाऱ्या या आकृतींना चिनीत फेइत्येन म्हणतात. आपल्या परंपरेतले गंधर्व, किन्नर आणि अप्सरा यांचं मिळून झालेलं ते रूप आहे. बुद्धाच्या डोक्यावरच्या आकाशात राहून त्यांना तीन कामं: फुलं उधळणं, वाद्यं वाजवणं, सुगंध अर्पण करणं. त्यांना पंख नाहीत. मोगाओच्या सुरुवातीच्या २७२ आणि २७५ क्रमांकांच्या गुहांत त्या जड अंगाच्या आहेत, शरीर कंबरेत कोनात मोडलेलं, उडताना जरा कष्ट पडतायत असं वाटावं इतकं. तांग काळात येईपर्यंत वजन नाहीसं होतं. ३२० क्रमांकाच्या गुहेत बुद्धाच्या छत्राशेजारी त्या एकमेकींचा पाठलाग करत फुलं उधळतात आणि उड्डाणाचा सगळा भार पट्ट्यांनी उचललेला असतो. वारा कुठून आला, वेग किती, वळण कुठे घेतलं, हे पट्टा सांगतो.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, ओसरीत, इंद्राबरोबर आकाशातून जाणाऱ्या अप्सरा आहेत. तिथे पट्ट्यांचं हे काम दागिने करतात. अप्सरेच्या गळ्यातल्या मोत्यांच्या सरी एका बाजूला झुकल्या आहेत, त्यावरून ती पुढे सरकतेय हे कळतं. मी मुलींना ही दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवते आणि मग त्यांना पट्टा हातात देते. त्याचा फरक पडतो. पट्टा हवेत फिरवायची वस्तू राहत नाही, तो त्यांच्या शरीराच्या वेगाची खूण होतो.

रंगमंचावर पट्टे आणण्याचं मोठं श्रेय पेकिंग ऑपेराचे मेइ लानफांग यांना जातं. पुरुष असून स्त्रीभूमिका करणारा हा थोर नट. आपल्याला बालगंधर्वांमुळे ही परंपरा परकी वाटणार नाही. त्यांनी १९१७ मध्ये पुष्पवर्षाव करणाऱ्या देवकन्येचं नाटक केलं. त्याचं मूळ विमलकीर्तिनिर्देश सूत्रात आहे, आणि ते मूळ कळलं की फुलं उधळण्याच्या साध्या कृतीला वेगळीच खोली येते. वैशालीचा गृहस्थ उपासक विमलकीर्ती आजारी आहे. प्रज्ञेचा बोधिसत्त्व मंजुश्री त्याला भेटायला येतो आणि दोघांत गहन चर्चा होते. तिथे एक देवकन्या प्रकट होते आणि सगळ्यांवर फुलं उधळते. बोधिसत्त्वांच्या अंगावरून फुलं घरंगळून पडतात. सारिपुत्रादी श्रावकांच्या, म्हणजे बुद्धाच्या भिक्खू शिष्यांच्या, अंगाला ती चिकटतात. सारिपुत्र झटकतो, तरी ती जात नाहीत. भिक्खूला फुलांनी सजणं योग्य नाही असं तो म्हणतो. त्यावर देवकन्या त्याला सांगते की भेदभाव फुलांत नाही, तो तुझ्या विचारांत आहे. भाषांतरकार भिक्खू कुमारजीवाने इ.स. ४०६ मध्ये हे सूत्र चिनीत आणलं आणि ते तिथे इतकं लाडकं झालं की दुनहुआंगच्या भिंतींवर विमलकीर्ती पुन्हा पुन्हा भेटतो, वर सांगितलेल्या २२० व्या गुहेतसुद्धा. तुमच्या मुलींना करण्यासारखं हे मला सगळ्यात योग्य कथानक वाटतं. त्यात नाट्य आहे, एक बुद्धिमान स्त्री आहे, आणि जन्मावरून-रूपावरून माणसामाणसांत भेद करणाऱ्या मनाला ती थेट प्रश्न विचारते.

पुढे १९५४ मध्ये नृत्यरचनाकार दाइ आइल्येन यांनी लांब पट्टे घेऊन दोघींचं ‘फेइत्येन’ नृत्य रचलं. त्यांचंच १९५३ चं ‘कमळ नृत्य’ फार प्रसिद्ध आहे आणि तुमच्या कमळाच्या प्रश्नासाठी ते महत्त्वाचं आहे. त्यात नर्तकी कमळांच्या घेरात पाण्यावरून सरकल्यासारख्या फिरतात. ते लोकनृत्यावरून घेतलेलं आहे आणि त्याचा रोख शांतता आणि नव्या देशाची उमेद यांकडे आहे. कमळ दिसलं म्हणजे बौद्ध आशय आहेच असं नाही, चीनमध्येही नाही. बौद्ध संदर्भात मात्र, विशेषतः सुखावतीच्या चित्रांत, कमळाला नेमकं काम आहे: तिथे माणूस आईच्या पोटी जन्म घेत नाही, तळ्यातल्या कमळाच्या कळीत जन्म घेतो. कळी उघडून मूल बाहेर येताना चित्रांत दिसतं. मिटलेले हात हळूहळू उघडत उभं राहणारी नर्तकी पाहिलीत तर हा संदर्भ आठवा.

आता सहस्रहस्त. हे वेगळं काढून लिहितेय, कारण वरचा नियम इथे उलटतो. फेइत्येन आणि पीपावाली या अर्पण करणाऱ्या आहेत. सहस्रहस्तात नर्तकी स्वतः बोधिसत्त्वाच्या जागी उभी असते, म्हणून तिचं तोंड आपल्याकडेच असायला हवं. इथे प्रेक्षक भक्ताच्या जागी आहेत.

हा बोधिसत्त्व म्हणजे अवलोकितेश्वर, चिनीत क्वानयिन. तुम्ही विचारलंय की ती स्त्री कशी. दुनहुआंगच्या तांगकालीन चित्रांत त्याला बारीक मिशाही दिसतात. पुढच्या शतकांत चीनमध्ये त्याचं स्त्रीरूप रूढ झालं. त्यात म्याओशान या राजकन्येच्या कथेचा मोठा हात आहे: बापाने छळलेल्या या मुलीने त्याच बापाच्या आजारावर औषध म्हणून आपले डोळे आणि हात काढून दिले, आणि ती सहस्रहस्त, सहस्राक्ष होऊन प्रकटली. मूर्तींमध्ये हजार हात बहुधा कोरलेले नसतात. जोडलेले दोन आणि बाकीचे चाळीस अशी बेचाळीस हातांची रूढी आहे. चाळीसांतला प्रत्येक हात अस्तित्वाच्या पंचवीस पातळ्यांवरच्या जिवांसाठी, असे मिळून हजार. चीनमधल्या दाझूच्या बाओदिंग डोंगरातल्या मूर्तीसारखे अपवाद आहेत. तिथे खरोखर शेकडो हात कोरलेत, अलीकडच्या जीर्णोद्धारात ते ८३० मोजले गेले. प्रत्येक तळव्यात डोळा. दुःख दिसलं की त्याच क्षणी मदतीला हात तिथे पोचलेला असावा, पाहणं आणि करणं यांत अंतर उरू नये, असा त्याचा अर्थ मी मुलींना सांगते.

तुम्ही पाहिलेलं नृत्य झांग जिगांग यांनी रचलेलं आहे आणि ते चीनच्या अपंग कलावंतांच्या संस्थेचं आहे. २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकच्या समारोपात ते जगासमोर आलं आणि २००५ च्या चिनी नववर्षाच्या दूरदर्शन कार्यक्रमाने ते घराघरात पोचलं. त्या सादरीकरणात २१ कलावंत होते, पुरुषही त्यात होते, सगळ्यात पुढे ताइ लिहुआ. हे सगळे कर्णबधिर आहेत. संगीत त्यांना ऐकू येत नाही. रंगमंचाच्या कोपऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांत उभे राहिलेले शिक्षक खुणांनी ताल देतात, आणि रांगेतला प्रत्येक जण मागच्याचा श्वास मानेवर जाणवून आपली वेळ सांभाळतो. मूर्तींमधल्या हातांत चंद्र, सूर्य, कलश, कमळ, धनुष्य अशी कितीतरी चिन्हं आणि आयुधं असतात. इथे ती सगळी काढून टाकली आहेत. रिकामे तळवे आणि त्यांतले डोळे तेवढे ठेवलेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी जगाचे आक्रोश ऐकणाऱ्या बोधिसत्त्वाचं रूप घ्यावं, ही त्या रचनेतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती कोणत्याही मुद्रेच्या यादीत सापडणार नाही.

इथवरचा धागा एकदा हातात घेऊ: फेइत्येन आणि पीपावाली नर्तकी अर्पण करतात, देवकन्या वाद घालते, क्वानयिन प्रत्यक्ष करुणेच्या जागी उभी राहते. चौथा एक प्रकार आहे, तिबेटी परंपरेतलं चाम नृत्य. मुखवटे घालून भिक्खूच ते करतात आणि तो विधीच असतो. आपल्याकडे लडाखमध्ये हेमिस मठात ते पाहायला मिळतं. तुमच्या कार्यक्रमासाठी मात्र ते सुचवणार नाही. ज्याची दीक्षा आणि साधना आपण केलेली नाही तो विधी रंगमंचावर नक्कल करून दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुम्ही काय करावं? हे बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा मनापासून पाळणाऱ्या घरांत देवदेवतांचं दर्शन घडवणारा नाच खटकू शकतो, आणि तो खटकणं मी पूर्ण समजू शकते. तसं असेल तर सहस्रहस्त करण्याआधी मंडळात बोलून घ्या. निवेदनात ‘देवी’ हा शब्द येऊ देऊ नका. अवलोकितेश्वर हे महायान परंपरेतलं करुणेचं रूप आहे असं सरळ सांगा आणि त्या कर्णबधिर कलावंतांविषयी दोन वाक्यं बोला. तरीही मंडळी नाखूश असतील तर विमलकीर्तीचा प्रसंग घ्या. त्यात कुणाला पूजायचं नाही, विचार ऐकायचा आहे.

अंगणाची रचनाही महत्त्वाची. सहस्रहस्ताचा परिणाम फक्त समोरून होतो. लोक तीन बाजूंनी बसणार असतील तर कडेच्यांना एकामागे एक उभी असलेली मुलींची रांग दिसेल आणि सगळी जादू जाईल. सगळे समोर बसणार असतील तरच तो करा. उंचीप्रमाणे मुली लावा, सगळ्यात बुटकी पुढे, उंच मागे. सुरुवातीचे कितीतरी दिवस हात उचलूच देऊ नका. नुसतं एका श्वासात उभं राहायला शिकवा.

अर्पणाचं नृत्य निवडलंत तर बुद्धमूर्ती मंचाच्या मागच्या पडद्यापाशी ठेवू नका, नाहीतर मुली सगळा वेळ तिच्याकडे पाठ करून नाचतील. मूर्ती मंचाच्या एका बाजूला, थोडी तिरपी ठेवा. मुली समोरच्या कोपऱ्यातून येऊ द्या, आधी मूर्तीकडे जाऊ द्या आणि मुख्य हालचाली त्या तिरक्या रेषेवर बसवा. वादक किंवा गाणाऱ्या मुली दोन्ही बाजूंना, भिंतीवर असतात तशा. प्रेक्षकांना नाच बाजूने दिसेल, चेहरे थोडे कमी दिसतील, पण नाच कुणासाठी चाललाय हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल. तुमच्या ज्येष्ठांनी विचारलेल्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

रंगांविषयी एक सूचना. दुनहुआंगच्या वेशभूषेत हल्ली तपकिरी, काळपट, निळे-हिरवे रंग फार दिसतात. निळे-हिरवे मूळचेच आहेत, खनिजांचे. पण अंगाचा तो काळपट तपकिरी रंग पुष्कळ ठिकाणी शिशाचा रंग शतकानुशतकं बदलत गेल्यामुळे आला आहे. रंगवताना त्या आकृत्या उजळ गुलाबी होत्या. म्हणून मुलींच्या अंगावर गडद रंग चोपडायची काही गरज नाही.

पट्ट्यांसाठी महागडं रेशीम नको, हलकं शिफॉन चालतं. लांबी सुरुवातीला मुलीच्या उंचीच्या दुप्पट ठेवा आणि टोकाला आखूड काठी बांधून तिच्यावरून फिरवायला शिकवा; मनगटात ताकद आली की लांबी वाढवा. तुमच्याकडे बुद्धपौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येते, कार्यक्रम संध्याकाळी उघड्यावर असणार. मंचाच्या कडेला मोठे पंखे ठेवणार असाल तर एक तालीम पंखे लावूनच घ्या, कारण पट्टा वाऱ्याच्या झोतात गेला की मुलीच्या हातात राहत नाही.

आणि सहस्रहस्तच ठरलं तर तळव्यावरचे डोळे काजळाने काढू नका. त्या नृत्याची सुरुवात हात जोडून होते. घामेजलेले तळवे एकमेकांना लागले की पहिल्याच मिनिटाला डोळे पुसले जातात. चेहऱ्याला लावायचा घामात न उतरणारा रंग आणा, वीस मिनिटं आधी डोळे रंगवा, पूर्ण वाळू द्या, आणि जोडलेल्या हातांत तळव्यांमध्ये किंचित पोकळी ठेवायला सांगा. मुलींची वयं आणि अंगणाची लांबी-रुंदी कळवलीत तर रांगेची आखणी करून देते.